द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय

द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय हा १९५७ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी युद्धपट आहे. डेव्हिड लीन हे त्याचे दिग्दर्शक व सॅम स्पीगल निर्माते होते. फ्रेंच लेखक पिएर बूल यांच्या १९५२ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेमार्गाची पार्श्वभूमी त्याला असली, तरी कथा व पात्रे काल्पनिक आहेत. कर्तव्यनिष्ठा कोठे संपते आणि शत्रूला साहाय्य कोठे सुरू होते, हा या चित्रपटाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्यातील गाजलेल्या प्रसंगांविषयीचे मतभेदही मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरतात.

कथानक

कर्नल निकल्सन (ॲलेक गिनेस) यांची ब्रिटिश तुकडी कैद होऊन कर्नल सायतो (सेश्शू हायाकावा) यांच्या छावणीत येते. क्वाय नदीवरील रेल्वेपूल ठरलेल्या मुदतीत बांधून घेण्याची जबाबदारी सायतोंवर असते. अधिकाऱ्यांनीही अंगमेहनत करावी, असा हुकूम ते सोडतात. जिनिव्हा कराराचा आधार घेऊन निकल्सन तो धुडकावतात आणि त्यासाठी छळ सोसतात. अखेर सायतो माघार घेतात. त्यानंतर मात्र सैनिकांची शिस्त व आत्मसन्मान टिकावा म्हणून निकल्सन स्वतःच उत्तम पूल बांधण्याचा ध्यास घेतात. दरम्यान छावणीतून निसटलेला अमेरिकन शिअर्स (विल्यम होल्डन) याला तोच पूल उडवण्यासाठी मेजर वॉर्डन (जॅक हॉकिन्स) यांच्या पथकाबरोबर परत यावे लागते.

उल्लेखनीय प्रसंग

छावणीतील आगमन : फाटक्या गणवेशातील, झिजलेल्या पादत्राणांतील सैनिक शीळ घालत रांगेने छावणीत प्रवेश करतात. ही धून म्हणजे १९१४ सालचे ‘कर्नल बोगी’ हे संचलनसंगीत. सैनिकांत त्याला जोडून म्हटले जाणारे शब्द अश्लील असल्याने पडद्यावर केवळ शीळ ऐकू येते. संगीतकार माल्कम अर्नोल्ड यांनी तिला पूरक अशी दुसरी धून रचली. एकही संवाद नसताना हरलेल्या सैन्याचा ताठा या प्रसंगातून प्रकट होतो.

भट्टीतून सुटका : निकल्सन यांना उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या कोठडीत डांबले जाते. तेथून बाहेर आल्यावर झोकांड्या जात असतानाही ते ताठ चालण्याचा प्रयत्न करतात. या चालीसाठी गिनेस यांनी पोलिओतून बरे होत असलेल्या आपल्या मुलाच्या चालीचा आधार घेतला होता. निकल्सन यांचा विजय झाल्यावर सायतो एकांतात रडतात. या दृश्यामुळे सायतो हे निव्वळ खलपात्र राहत नाहीत.

पुलावरील संध्याकाळ : पूल पूर्ण झाल्यावर निकल्सन मावळतीच्या वेळी कठड्याशी उभे राहून आपल्या अठ्ठावीस वर्षांच्या लष्करी सेवेचा हिशेब मांडतात. आयुष्यात आपल्या हातून काही घडले का, ही त्यांची शंका येथे प्रथमच उघड होते. पुलाचा हव्यास लष्करी तत्त्वातून नव्हे, तर या रितेपणातून आला असावा, असे सूचन त्यात आहे. ज्या तत्त्वासाठी त्यांनी भट्टी सोसली, ते याआधीच सुटलेले असते. मुदत गाठण्यासाठी त्यांनी अधिकाऱ्यांना आपणहून कामाला लावले आहे आणि रुग्णालयातील आजाऱ्यांनाही हलक्या कामासाठी बाहेर काढले आहे.

शेवट : रात्रीतून नदीचे पाणी उतरते व सुरुंगाची तार उघडी पडते. ती प्रथम निकल्सन यांनाच दिसते आणि तेच सायतोंना सावध करतात. पुढच्या झटापटीत सायतो, जॉइस व शिअर्स मारले जातात. आपण काय करून बसलो, याची जाणीव निकल्सन यांना होते. जखमी अवस्थेत ते सुरुंग उडवण्याच्या दांड्यावर कोसळतात आणि आगगाडीसह पूल नदीत पडतो. हे सारे पाहणारे छावणीचे डॉक्टर क्लिप्टन यांना त्यात केवळ वेडेपणा दिसतो. या दृश्यासाठी श्रीलंकेत (तेव्हाचे सिलोन) कितुलगल येथे केलानी नदीवर खराखुरा लाकडी पूल बांधून तो उडवण्यात आला.

मतभेद

निकल्सन दांड्यावर जाणूनबुजून पडतात की योगायोगाने, याविषयी प्रेक्षकांत आजही एकमत नाही. कृती हेतुपुरस्सर मानल्यास ते प्रायश्चित्त ठरते; योगायोग मानल्यास क्लिप्टन यांचा उद्गार अधिक खरा वाटतो. मूळ कादंबरीत पूल पडतच नाही. त्यामुळे चित्रपटाने प्रेक्षकांना दिलासा देणारा शेवट निवडला, असा एक आक्षेप आहे. उलट, उभारलेले डोळ्यांदेखत नष्ट झाल्यानेच युद्धाची निरर्थकता ठसते, असे समर्थक म्हणतात. निकल्सन किती सहानुभूतीने रंगवावेत, यावर लीन व गिनेस यांच्यातही चित्रीकरणाच्या वेळी वाद झाले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जपानी अभियंत्यांना पूल बांधता येत नाही व ब्रिटिश त्यांना तो बांधून दाखवतात, हे चित्रण वस्तुस्थितीच्या उलट आहे. प्रत्यक्षात मार्गाची आखणी जपानी अभियंत्यांनीच केली होती. स्वतः या मार्गावर युद्धकैदी म्हणून राबलेले साहित्य-समीक्षक इयन वॉट यांनी या कथेकडे पाश्चात्त्यांना सुखावणारे मिथक म्हणून पाहिले.

इतिहास आणि चित्रपट

सुमारे ४१५ किलोमीटरचा हा मार्ग थायलंडमधील बान पाँग व ब्रह्मदेशातील थानब्यूझायत यांना जोडत होता. त्याचे काम ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ६० हजार दोस्त युद्धकैदी त्यावर राबले आणि त्यांतील १२ हजारांहून अधिक उपासमार, रोगराई व मारहाण यांनी दगावले. आशियाई मजुरांची संख्या याहून कितीतरी मोठी होती. मलायातील मळ्यांवरून नेलेले तमिळ, तसेच ब्रह्मी व जावानीज लोक त्यांत होते. त्यांच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे ९० हजारांपर्यंत जातो. चित्रपटात या मजुरांना जवळजवळ स्थान नाही. छावणीतील हाल पुष्कळ सौम्य दाखवले आहेत, अशीही माजी युद्धकैद्यांची तक्रार होती.

कांचनाबुरीजवळील तामारकान येथील छावणीत लेफ्टनंट कर्नल फिलिप टूझी हे ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी होते. त्यांनी कैद्यांचे प्राण वाचवण्यासाठी शिस्त राखली. मात्र बांधकामाला खीळ घालण्याचे प्रयत्नही तेथे झाले. लाकूड पोखरावे म्हणून वाळवी गोळा करण्यात आली होती. निकल्सन म्हणजे टूझी, असा समज पसरल्याने त्यांच्यावर अन्याय झाला, असे त्यांच्या सहकाऱ्यांचे मत होते. बूल यांनी मात्र शत्रूशी सहकार्य करणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्यांच्या आठवणींतून हे पात्र घडवल्याचे सांगितले होते.

पुरस्कार व वारसा

उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व अभिनेता (गिनेस) यांसह सात ऑस्कर या चित्रपटाला मिळाले. पटकथेचा पुरस्कार बूल यांच्या नावे देण्यात आला. मात्र पटकथा कार्ल फोरमन व मायकेल विल्सन यांनी लिहिली होती. हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे त्यांची नावे दडवली गेली. ती दोघांच्याही मृत्यूनंतर अधिकृतपणे जोडण्यात आली.

तामारकानचा पूल प्रत्यक्षात मे क्लाँग नदीवर होता. चित्रपटामुळे क्वायवरील पूल शोधत येणाऱ्या पर्यटकांची संख्या वाढली आणि १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाला क्वे याई हे नाव देण्यात आले. युद्धानंतर दुरुस्त केलेल्या तेथील लोखंडी पुलावरून आजही रेल्वे धावते. जवळच युद्धकैद्यांची दफनभूमी आहे.