कोयीतला भुंगा आणि ४०० ग्रे

साल निष्कलंक, गर केशरी, वासातही खोट नाही; कोय फोडली की मात्र आत काळा भुगा आणि त्यात बसलेला भुंगा. या भुंग्याची मादी कोवळ्या कैरीच्या सालीवर अंडी घालते. अळी गर पोखरत कोयीत शिरते आणि फळ वाढता वाढता तिची वाट बुजून जाते. खाणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. आयात करणाऱ्या देशाला मात्र स्वतःच्या बागांची धास्ती असते. अमेरिकेने भारतीय आंब्याला वर्षानुवर्षे दार बंद ठेवले, ते या भुंग्यापायी आणि फळमाशीपायी.

फळांतल्या किडीवरचा जुना उपाय धुरीचा. बंद खोलीत किंवा ताडपत्रीखाली पेट्या रचायच्या आणि मिथाइल ब्रोमाइड सोडायचा. दोनेक तासांत काम होते. चिलीची द्राक्षे अशीच धुरी घेऊन अमेरिकेत उतरत आली. पण हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार शेतीतला त्याचा वापर विकसनशील देशांतही २०१५ पर्यंत थांबवायचे ठरले. निर्यातीच्या मालाला क्वारंटाइनसाठी द्यायच्या धुरीला तेवढी सूट राहिली. शिवाय काही नाजूक फळांना तो सोसत नाही, आणि कोयीच्या कवचाआडच्या भुंग्याला तो गाठेलच याचा भरवसा नाही.

गॅमा किरणांना कवच आड येत नाही. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंबा पुन्हा घेतला, तो किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) विकिरणाच्या अटीवर. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला मुळात कांद्याचे कोंब रोखण्यासाठी ‘कृषक’ केंद्र उभारले होते, ते आंब्याच्या कामी आले. कोकणातला हापूस मग घाट चढून नाशिक जिल्ह्यात आणि तिथून उलटा मुंबईच्या विमानतळावर, असा द्राविडी प्राणायाम सुरू झाला. पुढे वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात सोय झाली आणि तो टळला.

भरलेल्या पेट्या गॅमा किरण सोडणाऱ्या कोबाल्ट-६०च्या भोवतीने फिरवतात. फळ शिजत नाही, किरणोत्सारीही होत नाही. कडेच्या फळांना मात्रा जास्त बसते, मधल्यांना कमी. मधल्यांना ४०० मिळायलाच हवेत आणि कडेच्यांनी १,००० ग्रेची अमेरिकी कमाल मर्यादा ओलांडता कामा नये, म्हणून पेट्यांसोबत मात्रामापक ठेवतात.

खरी गंमत पुढे आहे. धुरीने कीड मरते. ४०० ग्रेने ती लगेच मरेलच असे नाही. ती वांझ होते, किंवा अळीचा पूर्ण वाढीचा कीटक होत नाही. दुसऱ्या देशात वंश वाढला नाही म्हणजे झाले. त्यामुळे धुरीच्या पेटीत वळवळती अळी निघाली तर उपचार फसला असे धरतात. विकिरणाच्या पेटीत तशीच अळी निघाली तर तिच्यापेक्षा मात्रेच्या नोंदीला महत्त्व येते. मे २०२५ मध्ये मुंबईहून गेलेल्या आंब्याच्या काही खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडल्या, त्या विकिरणाच्या कागदपत्रांवरून. परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून निर्यातदारांनी तो माल तिथेच नष्ट केला.