सराफ कट्ट्यापासून चुलीपर्यंत : सातारा-सांगलीतलं बंगाली मटण

आश्विन अमावास्येच्या रात्री आपल्याकडे लक्ष्मीपूजन होतं, त्याच रात्री बंगालात कालीपूजा असते. आपल्या देव्हाऱ्यापुढं लाह्या-बत्तासे असतात. तिकडं कालीच्या अनेक देवळांत आणि जुन्या घराण्यांत बोकडाचा मान असतो आणि त्याच्या मटणाचा प्रसाद शिजतो. त्यात कांदा नाही, लसूण नाही. आलं, जिरं, हिंग आणि दही एवढ्यावर ते होतं आणि बंगाली घरं त्याला निरामिष मानतात. सातारा-सांगलीच्या माणसाला याचं फार नवल वाटू नये. आपल्या गावजत्रेतही आधी पुरणपोळीचा गोडा नैवेद्य होतो आणि मग बोकडाचा खारा. मटण देवापर्यंत नेणारे हे दोन मुलूख आहेत. त्यांचा संबंध बराच जुना आहे आणि तो आता स्वयंपाकघरात उतरायला हरकत नाही.

सोन्याची वाट

या संबंधाची सुरुवात मात्र चांगली नव्हती. १७४०च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७४३मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांनी पेशवे आणि रघूजी यांच्यात समेट घडवला, त्यात बंगालचा मुलूख रघूजींच्या वाट्याला गेला. १७५१च्या तहानं स्वाऱ्या थांबल्या, पण बंगालच्या खेड्यापाड्यांत मराठी स्वारांचं ‘बर्गी’ हे नाव पुढं पिढ्यान्‌पिढ्या भीतीचं म्हणून राहिलं.

त्यानंतर आपली जी माणसं बंगालात गेली, ती पोटासाठी गेली. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, माण, खटाव हा सगळा पावसानं पाठ फिरवलेला पट्टा. इथल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी सोनं-चांदी गाळण्याचा गलाई धंदा उचलला आणि केरळपासून काश्मीरपर्यंत, गुजरातेपासून बंगालपर्यंत सराफ बाजारांत दुकानं थाटली. १९७२च्या दुष्काळानं या वाटेवरची गर्दी आणखी वाढवली. विटा हे या धंद्याचं माहेर. काम कष्टाचं आणि जोखमीचं. सराफाकडचं जुनं, डागाचं सोनं घ्यायचं, त्यात चांदी मिसळून मुशीत वितळवायचं, नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी-तांबं विरघळवायचं आणि मागं उरलेलं शुद्ध सोनं पुन्हा आटवून द्यायचं. भट्टीची धग आणि ॲसिडची वाफ सोसत या माणसांनी गावाकडं घरं बांधली, विहिरी काढल्या, देवळांचे जीर्णोद्धार केले.

उलट्या वाटेनं बंगालची माणसं इकडं आली. सोन्याच्या बारीक नक्षीकामात बंगाली कारागिराचा हात धरणारे थोडे. मुंबईच्या झवेरी बाजारापासून सांगली-साताऱ्याच्या सराफ पेठांपर्यंत ते बसलेले दिसतात. म्हणजे कोलकात्यात सोनं गाळणारा विट्याचा आणि सांगलीत दागिना घडवणारा बंगालचा. एकाच धातूवर दोन मुलुखांचे हात फिरतात. घर सोडून इतक्या लांब राहिलेल्या माणसाला रविवारी आपल्या घरचं मटण आठवतं, हे दोघांनाही सारखंच लागू आहे.

बोकड आणि मेंढरू

मटणाची निम्मी चव जनावरात असते. बंगालचं जनावर म्हणजे ब्लॅक बेंगॉल शेळी: ठेंगणी, बहुधा काळी, एका वेताला दोन-तीन करडं देणारी. तिचं मांस बारीक धाग्याचं आणि कातडंही नावाजलेलं. आपल्याकडं उस्मानाबादी शेळी किंवा तिच्या रक्ताची गावरान जात चालते, ती अंगानं मोठी आणि कोरड्या रानात तग धरणारी. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातलं माडग्याळ मेंढरू फुगीर नाकासाठी आणि उंच अंगलोटीसाठी प्रसिद्ध आहे. आटपाडी आणि लोणंदच्या बाजारात शेरडा-मेंढरांची मोठी उलाढाल होते.

बंगाल आणि सातारा यांना जोडणारी सर्वांत मोलाची गोष्ट घडली ती फलटणला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८मध्ये तिथं निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. १९९०च्या दशकात या संस्थेनं सुंदरबनातल्या गारोल जातीच्या मेंढ्या फलटणला आणल्या. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. गारोल मेंढी अंगानं लहान, पण दोन-तीन कोकरं सहज देते. हा गुण ‘फेक-बी’ या जनुकात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात नेलेल्या मेंढ्यांबरोबर हेच जनुक तिकडच्या बुरूला मेरिनो मेंढ्यांत पोचलं, असं संशोधक मानतात. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक दख्खनी मेंढीत उतरवलं आणि त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी तयार झाली. बंगालच्या खाजणातला गुण साताऱ्याच्या माळरानावरच्या धनगराच्या कळपात आला, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवी.

बंगाली घरातलं मटण

बंगाली मटण म्हटलं की हॉटेलांमुळं एकच नाव पुढं येतं, कोशा मांगशो. कोलकात्यात श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या नाक्यावरची ‘गोलबाडी’ त्यासाठी ओळखली जाते. तिथलं मटण काळपट, दाट, अंगाबरोबर रस असलेलं. पण बंगाली घरात रविवारी दुपारी जे शिजतं ते बहुतेकदा पातळ रश्श्याचं, अर्धे कापलेले मोठे बटाटे घातलेलं आणि भाताबरोबर खायचं. तिसरा प्रकार वर सांगितलेला, कालीच्या प्रसादाचा.

आपल्या रश्श्याशी तुलना केली तर फरक चटकन लक्षात येतो. सातारा-सांगलीत मटण आधी हळद, मीठ आणि आलं-लसणावर शिजतं. त्याचं अळणी पाणी लहान मुलांना आणि आजाऱ्यांना वाटीनं दिलं जातं. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण आणि उन्हाळ्यात डंखावर कुटून ठेवलेली कांदा-लसणाची चटणी पडते आणि रश्श्यावर कट येतो. बंगाली मटणात अशा वाटणाला जागा नाही. दाटपणा येतो तो विरघळलेल्या कांद्यातून आणि दह्यातून. गरम मसाला म्हणजे दालचिनी, वेलदोडा, लवंग एवढंच. तेल मोहरीचं. आपण मटण शिजवून मसाल्यात घालतो, ते मसाल्यात परतत परतत शिजवतात.

आपल्या चुलीवर

कोशा मांगशोसाठी एक किलो मटण घ्यावं: मागची मांडी, पुढचा फरा, थोडा चाप आणि दोन-तीन नळ्या. खाटकाला लहान बोकडाचं मागावं. सोललेला बोकड दहा किलोच्या आसपासचा असला तर उत्तम. ज्यांच्या घरी बोल्हाईचं पाळतात आणि शेळीचं चालत नाही, त्यांनी मेंढराचं घ्यावं. ते लवकर शिजतं आणि चरबी जास्त असते, तेव्हा तेल थोडं कमी करावं.

फेटलेलं घट्ट दही १५० ग्रॅम, दोन चमचे आल्याचं आणि एक चमचा लसणाचं वाटण, मीठ आणि हळद लावून मटण दोन-तीन तास मुरू द्यावं. सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती घरात असतेच. जाड बुडाच्या लोखंडी कढईत १०० मिलीलीटर मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवावं. तेलाचा पिवळा रंग फिका पडला की त्याचा उग्र झणका गेला असं समजावं. आच कमी करून त्यात एक चमचा साखर घालावी. ती तांबूस झाली की लगेच तमालपत्र आणि खडा मसाला, मग ४०० ग्रॅम उभा पातळ चिरलेला कांदा. कांद्याला पंचवीस मिनिटं तरी लागतात, आणि इथं घाई केली तर पुढं काही सावरत नाही.

आता मटण घालायचं आणि खरं काम सुरू होतं. प्रथम दह्याचं पाणी सुटतं आणि कढईत सगळं पिवळट, पातळ दिसतं. मंद आचेवर पंधरा मिनिटांत ते आटतं, रंग पिवळ्यावरून विटकरी होतो. ब्याडगी मिरचीचं तिखट, धने-जिऱ्याची पूड आता घालावी. मसाला बुडाला धरू लागला की दोन चमचे गरम पाणी शिंपडून उलथन्यानं खरवडायचं, परत आटू द्यायचं, परत शिंपडायचं. प्रत्येक वेळी रंग एक पाऊल गडद होतो. अशी पाऊणेक तासाची परतणी झाली की तेल कडेनं वेगळं होतं आणि कांद्याचा एक धागाही दिसत नाही. मग गरम पाणी घालून झाकण ठेवावं आणि अगदी मंद आचेवर तास-सव्वा तास शिजू द्यावं. बोकडाच्या मांसात स्नायूंना बांधणारा चिवट भाग बराच असतो. सावकाश उष्णतेनं तो विरघळून रश्श्याला चिकटसर दाटपणा देतो. कुकरमध्ये मटण मऊ होईल, पण हा रंग आणि ही दाटी येणार नाही. बटाटे घालायचे तर हळदीत परतून शेवटच्या अर्ध्या तासात घालावेत. उतरवताना चमचाभर तूप आणि ताजी गरम मसाल्याची पूड.

यात कांदा-लसणाची चटणी आणि खोबरं घालण्याचा मोह होतो. तो टाळावा, त्या दोन्हींपुढं मोहरीचं तेल आणि दही दोन्ही दबून जातात. भाकरीबरोबर खायला मात्र काहीच हरकत नाही. ज्वारीची गरम भाकरी हा दाट मसाला भातापेक्षाही छान उचलते, असं माझं ठाम मत आहे.

नोंद हवी

गलाई धंद्यातल्या माणसांच्या कष्टावर, कमाईवर, दातृत्वावर थोडंफार लिहिलं गेलं. त्यांच्याबरोबर परमुलखात गेलेल्या बायकांनी तिथल्या बाजारातून काय आणलं, शेजारणीकडून काय शिकल्या, गावाकडून पाठवलेल्या चटणीच्या डब्याबरोबर काय जुळवलं, याची नोंद जवळजवळ नाही. ही माहिती आज साठी-सत्तरीतल्या स्त्रियांच्या हातात आहे. तुमच्या घरात, भावकीत अशी कुणी काकी, आत्या, मावशी असेल तर या दिवाळीत ती गावी आलेली असेल. तिच्याजवळ बसा, प्रमाणं विचारा, तिच्या गावाचं आणि त्या परक्या शहराचं नाव घालून वहीत उतरवून घ्या. आणि एका रविवारी तिच्याच देखरेखीखाली कढई चढवा.