ठेव मुक्या जिवाची

परगावी निघालेल्या आप्तांचे घर व कुत्रा सांभाळण्यासाठी रायपूरहून रत्नागिरीस जाण्याचा योग आला, तर समुद्रदर्शनाची पर्वणीच लाभते. मात्र दिवसाचे नियोजन त्या मुक्या जिवाच्या वेळा पाहून करावे. सकाळी वाळू तापण्यापूर्वी त्यास साखळी लावून भाट्ये किनाऱ्यावर फिरवावे. सोबत पिण्याचे पाणी न्यावे. खारे पाणी पोटात गेल्यास उलट्या, जुलाब होतात. परतल्यावर पंजे गोड्या पाण्याने धुवावेत. दुपारी तो विसावला असता लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान किंवा ब्रह्मदेशाचे पदच्युत राजे थिबा १९१० ते १९१६ या काळात जेथे राहिले, तो राजवाडा पाहून यावा. एका दुपारी एकच स्थळ पुरे. मांडवीचा सूर्यास्त मात्र दोघांनी मिळून पाहावा. विश्वासाने सोपविलेली ठेव सुखरूप परत करावयाची आहे, याचे भान असावे.