शिंदळ माकुडी : कड्यावरील एक दुर्मिळ फूल

पिंपरी-चिंचवडच्या यंत्रांच्या गजबजाटांत दापोडी हें नांव ऐकतांना तेथें एके काळीं सरकारी वनस्पति-उद्यान होतें, याची आठवण क्वचितच कोणास होते. 1838 ते 1847 या काळांत त्या उद्यानाचे अधीक्षक डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे होते. एन. ए. डॅल्झेल यांच्यासह त्यांनीं लिहिलेला मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ 1861 सालीं प्रसिद्ध झाला. पुढें 1865 सालीं डॅल्झेल यांनीं एका लहानशा वनस्पतीचें वर्णन प्रसिद्ध करून, तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नांवावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असें नांव दिलें. हीच महाराष्ट्रांतील शिंदळ माकुडी. अलीकडे तिला ‘शिवसुमन’ असेंही म्हणतात.

चाकणहून नाशिकच्या रस्त्यानें नारायणगांवास जाऊन जुन्नरकडे वळलें, म्हणजे शिवनेरीचे कडे दिसूं लागतात. तेथील काळ्या पाषाणाच्या भेगांत ही वनस्पति मुळें रोवून लोंबत असते. पुरंदर, सज्जनगड अशा सह्याद्रीच्या मोजक्याच ठिकाणीं ती आढळते. महाराष्ट्राबाहेर तिचें नैसर्गिक वसतिस्थान नाहीं. तिच्या बहुतेक भाऊबंदांना खरीं पानें नसतात. हिला मात्र पावसाळ्यांत मांसल पानें फुटतात. उन्हाळ्यांत तीं गळतात व जाडसर कांडांत सांठविलेल्या पाण्यावर ती तग धरते. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत तिला तांबूस-जांभळ्या रंगाचीं, पिवळ्या ठिपक्यांचीं, पांच पाकळ्यांच्या तारकेसारखीं फुलें येतात. परागवहनाचें काम माशा करितात.

जागतिक निसर्गसंरक्षण संघटनेनें 1978 सालीं प्रसिद्ध केलेल्या धोक्यांतील वनस्पतींच्या ग्रंथांत तिची नोंद झाली. गवताचे वणवे, शेळ्यामेंढ्यांची चराई, दरडी कोसळणें आणि हौशी संग्राहकांची उपटाउपट, हीं तिच्या संकटाचीं कारणें होत. तिचीं रसाळ कांडें गुराखी खातात, हेंही खरें.

येथें एक विलक्षण विसंगति दिसते. हिच्या कांडाचा तुकडा कुंडींत खोंचला, कीं तो सहज रुजतो. त्यामुळें परदेशांतील हौशी लोकांच्या कांचगृहांतही ती सुखानें नांदते. मग चिंता कसली, असें कोणी विचारील. परंतु एका रोपाचे शंभर तुकडे लावले, तरी त्या शंभर कुंड्यांत वंश एकच. नवा रोग किंवा बदललेलें हवामान सोसण्यास लागणारी विविधता परपरागणानें धरलेल्या बीजांतूनच येते. आणि तें बीज धरण्यास फुलें, माशी व कडा हीं तिन्ही एकत्र असावीं लागतात. कुंडी ही तिची शिदोरी आहे, घर नव्हे.

म्हणून संरक्षण करावयाचें तें कड्याचें. माथ्यावर वणवा लागूं न देणें, गडाच्या डागडुजींत भेगांतील झुडपें सरसकट न खरडणें आणि फूल दिसतांच हात मागें घेणें, एवढें झालें तरी पुष्कळ साधेल. गडावर जाणाऱ्या प्रत्येकानें निदान शेवटची गोष्ट सहज पाळावी.