दोघांची मालवण ट्रिप १० हजारांत बसते का? पैसे नेमके कुठे गळतात ते बघा

देवबागच्या संगमाचं एखादं रील येतं. ते जोडीदाराला पाठवलं जातं, समोरून "चल ना" असं उत्तर येतं आणि मग दोघंही आपापल्या खात्यातला बॅलन्स बघतात. लग्नाच्या खर्चाचे हप्ते चालू आहेत, घरभाडं आहे, दोघांची एकत्र सुट्टी जेमतेम तीन दिवस. गोव्याचं नाव काढलं की टॅक्सीचे दर आठवतात. अलिबाग जवळ आहे, पण तिथल्या शनिवार-रविवारच्या खोल्यांचे भाव ऐकले की घरीच बसावंसं वाटतं. अशा वेळी मालवण-तारकर्ली हा पर्याय खरंच परवडतो का?

परवडतो. पण रील बघून ठरवला तर नाही. रीलमध्ये समुद्र दिसतो, कुडाळ स्टेशन ते मालवण हे साधारण ३० किलोमीटरचं अंतर दिसत नाही. आणि कमी पैशातल्या ट्रिपा अशा न दिसणाऱ्या अंतरांपायीच फसतात.

आकडा धरून बोलू. मुंबईहून निघणारं जोडपं, तिथे दोन रात्री, तीन दिवस, हातात १०,००० रुपये. वाटणी आधीच करून टाका. प्रवासाला २,५००, खोलीला ३,०००, जेवणखाणाला ३,००० आणि किल्ला, बोट, स्कूबा, खरेदी या सगळ्याला मिळून १,५००. हे तिथले दर नाहीत, तुम्ही स्वतःला घातलेल्या मर्यादा आहेत. एका खात्यात जास्त गेले तर दुसऱ्यातून कापायचे, हे घरातून निघण्यापूर्वी दोघांनी मान्य केलेलं बरं. नाहीतर ती भांडणं समुद्रकिनारी होतात.

कधी जायचं, यावर अर्धं गणित

नाताळ ते नवीन वर्ष, दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या. या दिवसांत तीच खोली, तोच पंखा, तीच चादर, पण भाडं भलतंच. गणपतीत तर खोलीचं सोडाच, रेल्वेचं तिकीटच मिळत नाही, कारण सगळा चाकरमानी गावाला निघालेला असतो. आणखी एक तारीख बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही, ती आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या यात्रेची. ही यात्रा मालवण तालुक्यात साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते, पण तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. त्या दिवसांत गाड्या आणि खोल्या दोन्ही भरलेल्या असतात. तेव्हा बुकिंगआधी एकदा तारीख बघा.

स्वस्त काळ म्हणजे नवीन वर्षाची गर्दी ओसरल्यानंतरचा जानेवारी आणि परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च. त्यातही सोमवार ते गुरुवार. रविवारी रात्री निघून बुधवारी रात्री परत फिरलात तर खोलीवाला स्वतःहून भाव कमी करायला तयार असतो, कारण त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक नसतं. ऑफिसात सुट्टी मागताना शुक्रवारऐवजी सोमवार-मंगळवार-बुधवार मागून बघा.

पावसाळ्यात खोल्या स्वस्त असतात हे खरं. पण तेव्हा समुद्र बंद असतो असंच समजा. साधारण मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या बोटी आणि पाण्यातले खेळ बंद ठेवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे ताटात येतो तो बहुतेक बर्फातला मासा. फक्त खिडकीत बसून पाऊस बघायचा असेल, तर मात्र यासारखा स्वस्त सौदा नाही.

स्लीपर की एसी?

कोकणकन्या आणि तुतारी या मुंबईकरांच्या नेहमीच्या दोन रात्रगाड्या. दोन्ही कुडाळला सकाळी सोडतात, म्हणजे प्रवासातल्या रात्रीचं खोलीभाडं वाचतं. स्लीपरचं तिकीट माणशी चारशेच्या आसपास धरलं तर दोघांचं जाऊन-येऊन १,६०० होतात. थर्ड एसीला याच्या अडीच ते तीन पट मोजावे लागतात. म्हणजे फरकाच्या पैशात बजेटमधल्या खोलीची दीड-दोन रात्रींची सोय होते. जानेवारीत एसीची गरजही नसते. उलट स्लीपरमध्येही पहाटे पांघरूण लागतं, ते घरून न्या.

तुतारीचं तिकीट काढताना एक सापळा आहे. ती दादरहून रात्री १२ नंतर सुटते. म्हणजे रविवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट सोमवारच्या तारखेचं हवं. रविवारचं तिकीट घेऊन रविवारी रात्री स्टेशनवर पोचलात, तर तुमची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबर २०२४ पासून हा नियम आहे. तत्काळवर विसंबून राहू नका. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ वाजता उघडतं आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खातं आधारशी पडताळलेलं असावं लागतं. हे काम ऐन ११ वाजता करत बसलात की तिकीट गेलंच.

पुणे, सातारा, कोल्हापूरकडच्या जोडप्यांनी एसटीचा हिशोब करून बघावा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला दोन नाही, दीड तिकीट पडतं, एकूण भाड्यात थेट पाव भाग बचत. खासगी स्लीपर कोचला ही सवलत नाही. तिथे "फक्त शंभर रुपयांचा फरक" दिसतो, तो दोघांचं जाऊन-येऊन धरलं की किती होतो ते कागदावर मांडा. कोल्हापूरकरांना तर घाट उतरला की कोकणच.

खोली कुठे घ्यायची?

बहुतेकांचे पैसे इथेच गळतात. तारकर्ली-देवबागला समुद्राला लागून खोली मिळते, दारातून वाळूत पाय. छान वाटतं. पण मालवण बाजार तिथून सहा-सात किलोमीटर किंवा जास्त. किल्ल्याला जायचं, रिक्षा. वेगळ्या ठिकाणी जेवायचं, रिक्षा. औषध हवं, पुन्हा रिक्षा. आणि रात्री उशिरा परतायचं असेल तर रिक्षावाला येण्या-जाण्याचे दोन्हीकडचे पैसे मागतो, त्यात त्याचीही चूक नाही.

त्यापेक्षा मालवण गावात राहा. एसटी स्टँड, बाजार, बंदर जेट्टी, खानावळी सगळं चालत. चिवला बीचही गावातच आहे. नशीब असेल तर तिथे सकाळी रापण ओढताना बघायला मिळते : किनाऱ्यावरून दोरखंड धरून माणसं जाळं ओढत असतात आणि जाळ्यात काय आलं हे बघायला सगळा किनारा गोळा होतो. याला तिकीट नाही. तारकर्ली-देवबागसाठी स्टँडवरून एसटी मिळते, फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरताना कंडक्टरला विचारून ठेवा.

एक दिवस मालवण, एक दिवस वेंगुर्ला, मग विजयदुर्ग, असा दौरा सध्या नको. विजयदुर्ग सुंदर आहे, पण गाडीशिवाय तिथे जाऊन-येऊन पूर्ण दिवस आणि बजेटचा मोठा तुकडा जातो. एकच मुक्काम ठेवा.

हॉटेलपेक्षा घरगुती मुक्काम बघा. पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेखाली नोंदलेली घरं इथे बरीच आहेत. फोनवर चार गोष्टी विचारा : दर खोलीचा की माणशी? नाश्ता त्यात धरला आहे का? सकाळी गाडीने आलो तर खोली लगेच मिळेल का? शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत सामान ठेवता येईल का? शेवटचे दोन प्रश्न रात्रगाडीने येणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचे, कारण चेक-इन दुपारी असेल तर अर्धा दिवस बॅगा सांभाळण्यात जातो. मधल्या वारी घर रिकामं असलं की मालकीणबाई बहुधा "या ओ, खोली खालीच असा" म्हणून मोकळ्या होतात.

लग्न झालेलं नसेल तर? दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात हे स्पष्ट केलं होतं. पण खोली द्यायची की नाही हे ठरवताना मालक स्वतःचे नियम लावतात आणि घरगुती मुक्कामात तर ते त्यांचं राहतं घरच असतं. त्यामुळे आधी फोनवर स्पष्ट विचारा. रात्री बॅगा घेऊन दारातून परत फिरण्यापेक्षा फोनवरचा नकार बरा. दोघांचीही मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, मोबाइलमधला फोटो सगळीकडे चालत नाही.

आणि अॅडव्हान्स. नकली रिसॉर्टची पानं, चोरलेले फोटो आणि "आज ५० टक्के भरा, उद्या ऑफर संपेल" हा धंदा कोकणातल्या मुक्कामांच्या नावाने जोरात चालतो. जाहिरातीतल्या नंबरवर थेट पैसे पाठवू नका. नकाशावर ती जागा शोधा, तिथे दिलेला नंबर तोच आहे का बघा, व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा. खरा मालक चालत-चालत अंगण, विहीर, कुत्रा सगळं दाखवतो. खोटा नेटवर्कचं कारण सांगतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी परत मिळण्याची शक्यता कमी.

ताटातला मासा

तीन दिवसांचे ३,००० म्हणजे दोघांना दिवसाला हजार. यात रोज दोन वेळा सुरमई बसणार नाही. पण मालवणात येऊन फक्त सुरमई-पापलेटच खायचं हा शहरी हट्ट आहे. बांगड्याची थाळी त्यापेक्षा बरीच स्वस्त पडते आणि ताजा बांगडा तिरफळ घातलेल्या आमटीत काय लागतो, हे खाल्ल्याशिवाय कळत नाही. खानावळीत बसल्यावर मेन्यूकार्ड बाजूला ठेवून "आज ताजा काय आहे?" एवढं विचारा आणि भाव सांगितल्यावरच होकार द्या. "आकाराप्रमाणे दर" असं लिहिलेल्या पदार्थाची ऑर्डर भाव न विचारता देऊ नका. खेकडा आणि मोठी कोळंबी इथेच बजेट बुडवतात.

सकाळी घावणे किंवा आंबोळी-उसळ, दुपारी माशाची थाळी, रात्री हलकं काही, असा क्रम ठेवला तर हजारात भागतं. शाकाहारी असाल तर मोसमात ओल्या काजूची उसळ विचारा. सोलकढी थाळीसोबतच येते का हेही विचारा, काही ठिकाणी तिचे वेगळे पैसे लावतात.

पाण्यातले १,५००

सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नका. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर याचं काम सुरू केलं. चारही बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ मराठा किल्ल्यांत हाही आहे. जेट्टीवरून बोट जाते, किल्ल्यावर साधारण तासभर मिळतो. सकाळची पहिली बोट धरा, ऊन कमी आणि गर्दीही कमी.

स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड यांचं एकत्र पॅकेज किनाऱ्यावर गळ्यात मारलं जातं. एकच निवडा. स्कूबा निवडलात तर पाण्याखाली किती वेळ, व्हिडिओचे पैसे आत की बाहेर, आणि लाइफ जॅकेट दोघांना आहे का, हे विचारून घ्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला. बोट भरलेली दिसली तर दोनशे रुपये बुडाले तरी चालतील, पण चढू नका.

भरती-ओहोटी ओळखायचा कोकणातला जुना ठोकताळा माहीत असलेला बरा. कॅलेंडरमधली तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती साधारण तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. ठिकाणाप्रमाणे तासभर मागेपुढे होतं, पण अंदाज येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओसरताना ओढतंही जोरात. पोहायचंच असेल तर कुठे उतरायचं ते स्थानिकांना विचारा आणि ते "नको" म्हणाले तर ऐका.

परतीच्या दिवशी गाडी संध्याकाळची असते. सामान मुक्कामावर ठेवा आणि दुपारी मालवण बाजारात चक्कर मारा. आमसुलं, मालवणी मसाला, खाजं हे तिथेच घ्या. एसटीने कुडाळला निघताना मात्र गाडीच्या वेळेआधी किमान दोन तास हातात ठेवा, कारण ती एक एसटी चुकली की पुढचा पर्याय रिक्षाच, आणि तिचे पैसे आपण धरलेलेच नाहीत.