शिबिराला गेलेल्या नातवंडांना पत्र पाठवावे का?

जून महिन्यात आपल्याकडे शाळा सुरू होतात, तेव्हा अमेरिकेत उन्हाळी सुटी लागलेली असते. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुले या सुटीत निवासी शिबिरांना जातात. दहा वर्षांची नात दोन आठवडे रानातील शिबिरात राहणार आणि त्या काळात तिच्याशी फोनवर बोलता येणार नाही, हे कळल्यावर इकडे आजीचा जीव कासावीस होतो. निदान एखादे पत्र तरी पाठवावे, असे तिला वाटते. त्यावर मुलगा म्हणतो, "आई, नको. पत्र वाचून तिला घराची आठवण येईल आणि ती रडत बसेल." यात कोणाचे खरे मानावे?

या शिबिरांची परंपरा जुनी आहे. १८६१ साली कनेक्टिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी आपल्या शाळेतील मुलांना पायी समुद्रकिनारी नेऊन दोन आठवडे तंबूंत ठेवले. अमेरिकेतील पहिले उन्हाळी शिबीर म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. आज तेथील कॅथलिक धर्मप्रांतांच्या युवक संस्थाही अशी शिबिरे चालवितात. काही शिबिरे आठवडाभराची असतात, तर काही सात-आठ आठवड्यांची. आईवडिलांपासून दूर राहून मुलाने स्वावलंबी व्हावे, हा त्यामागील हेतू असतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी मोबाईल फोनला मनाई असते. पत्र मात्र चालते.

आठवण पत्रामुळे येते का?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 'पेडिॲट्रिक्स' या नियतकालिकात जानेवारी २००७ मध्ये घराच्या ओढीविषयी एक अहवाल प्रसिद्ध झाला. घरापासून दूर गेलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला थोडीफार हुरहुर वाटतेच, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पत्र आले नाही, तरी आठवण येणारच. "करमले नाही तर लगेच घ्यायला येऊ," असे वचन पालकांनी देऊ नये, असाही त्या अहवालाचा सल्ला आहे. अशा वचनामुळे मूल तेथे रमण्याचा प्रयत्न सोडून देते आणि परत जाण्याचीच वाट पाहू लागते.

वसतिगृहात शिकलेल्यांना हा अनुभव नवा नाही. दिवस खेळण्यात निघून जातो. घर आठवते ते दुपारच्या विश्रांतीत आणि रात्री दिवे मालवल्यावर. अनेक शिबिरांत दुपारच्या विश्रांतीच्या वेळीच टपाल वाटले जाते. शेजारच्या खाटेवरील मुलीला पत्र येते आणि आपल्याला रोज काहीच येत नाही, हे दुःख मुलाला पत्रातील आठवणीपेक्षा अधिक बोचते. तेव्हा पत्र अवश्य पाठवावे. मात्र त्यात काय लिहावे, याचा नीट विचार करावा.

काय लिहावे, काय टाळावे

"तुझ्याविना घर सुने झाले आहे," "तुझी आठवण येऊन डोळ्यांना धार लागते," अशी वाक्ये मायेपोटीच लिहिली जातात. परंतु ती मुलाच्या मनावर ओझे टाकतात. आपण येथे मजा करतो आहोत आणि आजी तिकडे रडते आहे, असे त्याला वाटू लागते. त्याऐवजी त्याच्या दिवसाची चौकशी करावी. "तळ्यात पोहलीस का? तुझ्या खोलीत कोण कोण आहे? नवे गाणे शिकलीस का?" असे विचारावे. आपल्याकडील दोन साध्या गोष्टी सांगाव्यात: पहिला पाऊस झाला, विहिरीला पाणी आले, मांजरीला पिल्ले झाली. उत्तराचा आग्रह धरू नये.

घरातील आजारपण वा मृत्यूची बातमी पत्रातून कधीही कळवू नये. ती आईवडिलांना सांगावी. मुलाला केव्हा व कसे सांगायचे, हे त्यांनी शिबिराच्या संचालकांशी बोलून ठरवावे.

मुलाला मराठी वाचता येत नसेल, तर पत्र इंग्रजीत लिहावे किंवा कोणाकडून लिहून घ्यावे. देवनागरी मजकूर वाचून दाखविणारे तेथे कोणी नसते. शेवटी त्याला ओळखता येईल असा एखादा मराठी शब्द व आपली सही तेवढी असावी.

पोहोचणार कसे?

भारतातून साध्या हवाई टपालाने पत्र पोहोचायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर शिबीर संपलेले असते. त्यामुळे पत्र महिनाभर आधी मुलाच्या आईवडिलांकडे पाठवावे. शिबिराच्या पहिल्या दिवशी ते कार्यालयात देता येते का, याची त्यांनी चौकशी करावी. काही शिबिरे नातेवाइकांचे ई-मेल छापून मुलांना टपालाबरोबर देतात; ती सोयही वापरता येईल. खाऊ मात्र पाठवू नये. ॲलर्जीच्या भीतीने, तसेच मुंग्या व रानातील प्राणी येतात म्हणून पुष्कळ शिबिरांत खाद्यपदार्थांना बंदी असते. सुकेळी आणि चिक्की नात घरी परतल्यावर तिला द्यावी.

मुलाची काळजी रास्त आहे आणि आजीची मायाही खरी आहे. "तू तेथे आनंदात राहा, आम्ही येथे सुखरूप आहोत," एवढे ज्या पत्रातून मुलाला उमगेल, ते पत्र त्याला रडवणार नाही. उलट, अनोळखी खाटेवर त्याला निश्चिंत झोप लागेल.