मोठ्या कंपन्यांनी सोडलेले गिऱ्हाईक

दुबईला नोकरी-धंद्यासाठी राहून आलेल्या आपल्या कोकणी बांधवांपैकी अनेकांनी मॉल ऑफ द एमिरेट्समधला काचेआडचा बर्फ पाहिला असेल. बाहेर वाळवंट तापलेले आणि आत शून्याखाली तापमान ठेवून केलेला बर्फाचा उतार! २००५ साली सुरू झालेल्या या ‘स्की दुबई’तला सर्वांत लांब उतार सुमारे ४०० मीटरचा आहे. तिथे काही लोक दोन पायांना दोन पट्ट्या बांधून घसरतात, त्याला स्की म्हणतात. काही जण दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून घसरतात, ती फळी म्हणजे स्नोबोर्ड. आजचा लेख या फळीच्या एका खास जातीविषयी आणि ती बनवणाऱ्या कारागिरांविषयी आहे. बर्फाशी आपला संबंध गोळेवाल्याच्या गाडीपुरता, मग व्यापाराच्या पानावर हे कशाला, असे वाचक विचारतील. त्यांनी थोडा धीर धरावा. विषय खेळाचा कमी आणि कारागिरीचा जास्त आहे.

या धंद्याचे वय फार नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी १९६५ च्या नाताळात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. ‘स्नर्फर’ या नावाने ती खेळणे म्हणून बाजारात गेली. १९७७ मध्ये व्हरमाँट राज्यात जेक बर्टन कारपेंटर याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली, आणि खेळण्याचा उद्योग झाला. १९९८ साली जपानमधल्या नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड हा पदकाचा खेळ ठरला.

पण तोवर या खेळात दोन घराणी पडली होती. एक घराणे मऊ बूट घालून हवेत उड्या मारणाऱ्यांचे. दुसरे, कडक बूट घालून, जमीन न सोडता, उतारावर खोल वळणे कोरीत जाणाऱ्यांचे. या दुसऱ्या प्रकाराला अल्पाइन आणि त्याच्या वळणाला कार्व्हिंग म्हणतात. साधा माणूस वळताना फळी आडवी घासत नेतो आणि मागे बर्फाचा चुरा उडतो. कार्व्हिंग करणारा फळी तिच्या पोलादी कडेवर उभी करतो. सुरी कलिंगडातून फिरावी तशी ती बर्फातून फिरते आणि मागे फक्त एक बारीक खाच राहते.

हे कसब जितके माणसाचे तितकेच मालाचे आहे. फळीच्या दोन्ही कडा सरळ नसतात, कमरेला आत घेतलेल्या असतात. ती कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा. त्या वर्तुळाची त्रिज्या १२ मीटर असेल आणि स्वाराने फळी ६० अंशांत कलवली, तर वळण साधारण निम्म्या, म्हणजे ६ मीटर त्रिज्येचे निघते. नेहमीची फळी कमरेला २५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते, ही १८ ते २२. इतक्या अरुंद फळीवर पाय आडवे ठेवले तर बुटाची टोके बाहेर येऊन बर्फाला लागतात आणि स्वार आपटतो. म्हणून पाय ५० ते ६५ अंश पुढे वळवून बांधावे लागतात. पाय असे वळवले की मऊ बुटाचा उपयोग संपतो. पायाचा जोर कडेपर्यंत पोचवायला प्लास्टिकचा, बकलांनी आवळायचा कडक बूट लागतो आणि तो धरायला पुढे-मागे जाड धातूच्या कड्या असलेली पकड लागते. तिला बाइंडिंग म्हणतात. तिच्याखाली ३ किंवा ६ अंशांच्या पाचरी घालून प्रत्येक स्वाराचे गुडघे आणि घोटे यांचा कोन जुळवतात. थोडक्यात, एक वस्तू बदलली की सगळा संच बदलतो. हा तयार कपड्यांचा धंदा नव्हे, मापाच्या शिलाईचा आहे.

कंपन्या गेल्या, गिऱ्हाईक राहिले

१९९० च्या दशकात वारे फिरले. उड्या मारणारे टीव्हीवर दिसू लागले, मुलांना ते आवडले, ढगळ कपडे आणि मऊ बूट खपू लागले. अल्पाइनची फळी दुकानातून मागे सरकली. मोठ्या कंपन्यांनी हिशेब मांडला आणि त्यांपैकी बहुतेकांनी हा माल बनवणे कमी केले किंवा सोडून दिले. ज्या बर्टन कंपनीने एकेकाळी कडक बुटांच्या फळ्यांची मोठी मालिका काढली होती, तिनेही पुढच्या दशकात ती बंद केली. यात आम्ही कंपन्यांना दोष देत नाही. साचे, गोदाम आणि जाहिरात यांचा खर्च काही हजार नगांवर वाटायचा असतो, आणि इथे तितके गिऱ्हाईक उरले नव्हते.

पण जे उरले ते जातिवंत होते. माल मिळत नाही म्हणून त्यांनी शौक सोडला नाही, माल बनवणारा शोधला. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ‘डॉनेक’ या छोट्या कारखान्याने मापाप्रमाणे फळ्या बनवून नाव कमावले. कॅनडात ‘प्रायर’ होते. कॅनडातच ऑन्टारियो प्रांतात ‘कॉइलर’ या नावाने एक कारागीर वर्षानुवर्षे एकट्याने फळ्या बनवत होता आणि त्याच्या दारात ऑर्डरींची रांग असे. कोलोरॅडोतल्या ‘बॉम्बर’ने बाइंडिंग बनवली, ती यंत्रावर कातलेल्या ॲल्युमिनियमची, वर्षे टिकणारी. स्वित्झर्लंडमध्ये ब्राउनवाल्ड नावाचे डोंगरातले खेडे आहे. तिथे मोटार जात नाही, खालच्या गावातून दोराच्या रेल्वेने चढावे लागते. अशा खेड्यातून ‘केसलर’ या नावाच्या फळ्या निघाल्या आणि त्यांच्यावर ऑलिम्पिकची पदके जिंकली गेली. भिवंडी-मालेगावच्या गल्लीत बसून ‘आमच्याकडे रस्ता चांगला नाही, म्हणून धंदा होत नाही’ म्हणणाऱ्यांनी या खेड्याचे नाव ध्यानात ठेवावे.

पूर्वेकडे तर शौक अधिकच पक्का आहे. बॅडमिंटनच्या रॅकेटमुळे आपल्याला ठाऊक असलेली योनेक्स कंपनी जपानात स्नोबोर्डही बनवते. दक्षिण कोरियाचा ली सांग-हो लहानपणी कोबीच्या शेतावर हिवाळ्यात केलेल्या घसरगुंडीवर शिकला. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिम्पिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले तेव्हा लोक त्याला कोबीवाला पोरगा म्हणत. त्याच ऑलिम्पिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने आधी स्कीवर आणि आठवड्याने अल्पाइन फळीवर अशी दोन सुवर्णपदके जिंकली. जगाचे लक्ष काही दिवस या कोपऱ्याकडे वळले. दुकानदारांचे मात्र फारसे वळले नाही.

फळीच्या पोटात काय असते

आपल्या सुतार, लोहार आणि साचेवाल्या बांधवांसाठी थोडे तपशिलात सांगतो. मधे लाकडाचा गाभा, पट्ट्या चिकटवून केलेला, मधे जाड आणि टोकांना पातळ. वर-खाली काचतंतूंचे कापड. तळाला पॉलिथिलीनचा गुळगुळीत पत्रा, त्याच्या भोवती पोलादी कड. हे सगळे इपॉक्सीत भिजवून साच्यात दाबायचे आणि गरम करायचे. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यात टिटानल नावाचा धातूचा पातळ पत्रा आला आणि फळीचे वागणे बदलले. कडक बर्फावर फळी थरथरायची ती शांत झाली. नाव ऐकून टायटॅनियम वाटते, तसे नाही. तो ऑस्ट्रियातल्या ॲमॅग कंपनीचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. (नावाला भुलून भाव देण्याची खोड सगळीकडे सारखीच.) धातूच्या फळीची दुखणीही आहेत. धातू लाकडा-काचेला धरून राहावा म्हणून कारागीर मधे रबराचा पातळ थर घालतात, तरी वाईट आपटीने पत्रा कायमचा वाकतो, मग ती फळी गेली.

अशी एक मापाची फळी हजार अमेरिकी डॉलरच्या वर जाते. एवढे पैसे मोजणारा माणूस कारागिराला काय सांगतो? स्वतःचे वजन, बुटाचे माप, पाय किती अंशांत बांधतो, उतार रुंद की अरुंद, बर्फ कडक की भुसभुशीत, आधी कोणती फळी वापरली आणि तिच्यात काय खटकले. वजन खोटे सांगितले तर फळी चुकते, म्हणून तो खरे सांगतो. आणि चांगला कारागीर प्रसंगी म्हणतो की तुम्ही मागता ती फळी तुम्हाला झेपणार नाही, एक पायरी मऊ घ्या. मिरजेच्या सतारमेकरांना हे संभाषण ओळखीचे वाटेल.

इथे आम्हाला आपल्या फिकहची आठवण होते. कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याच्या कराराला ‘इस्तिस्ना’ म्हणतात. जी वस्तू अजून अस्तित्वातच नाही ती विकणे एरवी जायज नाही, पण लोकांची जुनी वहिवाट आणि गरज पाहून हनफी फुकहांनी याला परवानगी दिली. त्यांच्या किताबांत याचे नेहमीचे उदाहरण खुफ्फचे, म्हणजे मापाने शिवून घेतलेल्या चामडी मोज्यांचे, एका अर्थी बुटांचेच आहे! शाफई मजहबात, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी बांधवांच्या मजहबात, असा व्यवहार ‘सलम’च्या अटींवर होतो, तिथे पूर्ण रक्कम कराराच्या बैठकीतच द्यावी लागते. १९९२ साली जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने इस्तिस्ना दोन्ही पक्षांवर बंधनकारक असल्याचा ठराव केला. वस्तूची जात, वर्णन आणि मुदत ठरलेली असावी, रक्कम मात्र हप्त्याने किंवा नंतर दिली तरी चालेल, असे त्यात आहे. त्या फळीवाल्यांनी यातले काही वाचलेले नाही, पण त्यांचा व्यवहार याच वाटेने चालतो: बयाणा, लेखी माप आणि तारीख.

आणि भांडण होते ते तारखेवरूनच. उत्तरेकडच्या देशांत हंगाम डिसेंबर ते मार्च. उन्हाळ्यात दिलेली ऑर्डर फेब्रुवारीअखेर हाती पडली तर ती ईद उलटल्यावर शिवून आलेल्या शेरवानीसारखी. एकट्या कारागिराला नाही म्हणता येत नाही, तो रांग वाढवत जातो आणि वचन मोडते. या धंद्यात टिकले ते बहुधा रांगेची लांबी आधीच सांगणारे.

बुटाची बाजू आम्हाला सर्वांत शिकण्यासारखी वाटली. प्लास्टिकचा बूट कारखान्यातून येतो, पण पायात तो बसवतो बूट बसवणारा कारागीर. तो आतले अस्तर काढून टाकतो, नुसत्या कवचात पाय घालायला लावतो, बोटे पुढे टेकवतो आणि टाचेमागे किती बोटे जातात ते मोजतो. मग अस्तर गरम करून पायाच्या आकारावर बसवतो, हाड टोचते तिथे कवच तापवून बाहेर ठोकतो, तळव्याखाली आधार कोरून देतो. विकण्यापेक्षा बसवण्यातच इथे कसब आहे. आपल्याकडे धारावी-कोल्हापूरच्या चामड्यात हात बसलेले किती तरी बांधव आहेत, आणि बूट चावतो अशी तक्रार करणारे गिऱ्हाईक त्यांच्या दारातून परत जाते.

शौकिनांची आपसांतली रीतही सांगण्यासारखी. कोलोरॅडोतल्या ॲस्पेन इथे वर्षानुवर्षे त्यांचे मेळावे भरले. बनवणारे आपल्या फळ्या घेऊन येत, लोक त्या वापरून पाहत, एकमेकांच्याही वापरत. जुन्या मालाचा बाजार मोठा आहे, कारण नवा माल कमी. विकणारा कड किती घासली गेली, तळाला कुठे खरचटले, पत्रा सुटला आहे का, हे सांगून विकतो. न सांगणाऱ्याचे नाव चार दिवसांत सगळ्यांना कळते, मग त्याच्याशी कोणी व्यवहार करीत नाही. ऐब लपवून माल विकू नये हा तर आपला हुकूम, आणि तो पाळण्याची शर्थ आम्ही त्यांच्यात पाहतो! जुन्या बुटांबाबत तर ते हटकून सावध करतात, कारण प्लास्टिक वर्षांनी ठिसूळ होते आणि भर उतारावर कवच फुटले तर पायाचे हाड जाते.

वाचकांपैकी कोणी हा माल आणून विकावा असे आम्ही सुचवीत नाही. गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्ड आहे, पण तिथली ख्याती खोल, भुसभुशीत बर्फाची, आणि त्यात ही अरुंद फळी बुडते. तिला यंत्राने दाबलेला कडक उतार हवा.

आमची चिंता वेगळी आहे. ज्या कारखान्यात एकच माणूस, तिथे शागीर्द नसतो. गिऱ्हाईक कमी, त्यामुळे दुसऱ्याचा पगार निघत नाही, आणि दुसरा नाही म्हणून हुन्नर एका हातात अडकते. उस्ताद थकला की साचे भिंतीला टेकून उभे राहतात. हे ओळखूनच काही शौकीन बाइंडिंगच्या कड्या आणि बुटांच्या बकलांचे सुटे भाग आधीच घेऊन ठेवतात.

इस्तिस्ना आणि सलम यांविषयी, विशेषतः बयाणा परत करणे आणि मुदत चुकल्यावर भाव कमी करणे यांविषयी, कारागीर बांधवांनी आपले प्रश्न व्यवहाराच्या तपशिलासह लिहून पाठवावेत. उलेमांकडून उत्तरे घेऊन इन्शाअल्लाह याच पानावर छापू.